ॲम्प गेला? आधी वायर बघा, बॉस!

बाइकवर बसवायचा ॲम्प्लिफायर कधी हातात घेऊन पाहिलाय? तळहाताएवढा डबा, बाजूला निळा दिवा आणि वर सोनेरी अक्षरांत '५०० वॉट'. सॉल्लिड! आता त्याच डब्याच्या लाल वायरवरचा फ्यूज बघा. तो निघतो १० अँपिअरचा. गाडी चालू असताना बॅटरीवर असतात साधारण १४ व्होल्ट. दहा गुणिले चौदा, झाले १४०. मग उरलेले ३६० वॉट येतात कुठून? छपाईतून! आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसेल, तर १४ व्होल्टवर ४ ओहमच्या एका स्पीकरला फार तर चोवीस-पंचवीस वॉटचा स्वच्छ आवाज मिळतो. आणि खरं सांगू, बाइकवर तेवढा पुष्कळ होतो.

पण स्टिकरवर जीव जडलेला असला की आवाज गेल्यावर डोळ्यांसमोर फक्त डबाच येतो. दुकानदाराचंही ठरलेलं वाक्य, "बोर्ड गेला, नवीन टाका." माझ्या धाकट्या भावाला हेच ऐकवलं गेलं. सीटखाली ॲम्प, हँडलवर दोन स्पीकर, गाणी ब्लूटूथने. सोमवारपर्यंत छान वाजत होतं, शुक्रवारी ठप्प. दुसऱ्या दिवशी पहाटे ताम्हिणीमार्गे दिवेआगर गाठायचं होतं, त्यामुळे साहेब महिनाअखेरीला अडीच हजार मोजायला तयारच होते. मी त्याला आधी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नेलं. इलेक्ट्रॉनिक्सचं काही अडलं की आम्हा पुणेकरांचा हाच लॅमिंग्टन रोड.

तिथल्या काकांनी स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही. साधा मल्टिमीटर घेतला आणि आधी बॅटरीवर टेकवला. गाडी बंद असताना १२.६, चालू केल्यावर १४. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग ठणठणीत. ॲम्पच्या टोकाशीही जवळपास तेवढेच, म्हणजे करंट पोचतोय. पण डब्यावरचा दिवा लाल. "ताई, लाल दिवा म्हणजे मेलेला नाही, घाबरलाय तो. काहीतरी शॉर्ट दिसतंय म्हणून स्वतःला बंद करून बसलाय."

मग त्यांनी दोन्ही स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि चावी फिरवली. दिवा निळा! डावा स्पीकर जोडला, निळाच. उजवा जोडला, लाल. झालं की निदान! वायरीमागे बोट फिरवत ते हँडलच्या मानेपाशी थांबले. हँडल शेकडो वेळा इकडून तिकडे वळून तिथलं प्लॅस्टिक घासलं गेलं होतं आणि उघडी तार बाइकच्या बॉडीला टेकत होती. गंमत म्हणजे ती काळी वायर होती. काळी म्हणजे अर्थिंग, टेकली तर काय बिघडलं, असं आपल्याला वाटतं. पण या छोट्या ॲम्पमध्ये बहुतेक वेळा स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. कुठलीही एक बॉडीला लागली की खेळ खल्लास. तुमच्या बाइकवर फक्त डावीकडे वळताना गाणं तुटत असेल, तर आधी हीच जागा बघा.

खरा धक्का मात्र पुढे होता. पॉवरच्या वायरवर फ्यूज लावला होता ३० अँपिअरचा आणि वायर होती शेवईसारखी बारीक. फिटिंग करताना दहाचा फ्यूज उडत असणार, म्हणून कुणीतरी मोठा ठोकून दिला. काका पहिल्यांदाच चिडले. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो वायरपेक्षा दणकट असला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि वायरच तापून पेटते. आणि ही वायर कुठून गेली होती? पेट्रोलच्या टाकीखालून! भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दीडशे रुपयांत जाड वायर, त्यावर स्लीव्ह, बॅटरीला लागून १० चा फ्यूज आणि मानेपाशी वळायला थोडी ढील, एवढं काम झालं. नव्या डब्याने यातलं काहीच सुटलं नसतं.

होंडाच्या गोल्ड विंगसारख्या टूरिंग बाइक्सवर १९८० च्या दशकापासून म्युझिक सिस्टीम कंपनीतूनच येते. तिथे वायर कुठून जाणार हे गाडी बनतानाच ठरतं. आपल्याकडे ते ठरतं फिटिंगवाल्या पोराच्या मूडवर. त्यामुळे बसवून घेताना शेजारी उभं राहा, भले तो वैतागू दे. पॉवरची जाड वायर थेट बॅटरीवरून घ्यायला सांगा, पण ती चावीच्या लाइनवर चालणाऱ्या रिलेमधून. नाहीतर ॲम्प रात्रभर जागा राहतो आणि सकाळी नऊच्या मीटिंगला निघताना सेल्फ नुसता कटकटतो.

आणि हो, ती शिट्टी! ॲक्सिलरेटर पिळला की गाण्यामागून जी चढत जाते ती. फोन ऑक्स केबलने जोडलेला आणि त्याच बॅटरीवर यूएसबीने चार्जिंगला लावलेला असेल, तर आधी चार्जर काढून बघा. शिट्टी गेली, तर अर्थिंगला दोन वाटा मिळाल्यात, एवढंच. मग ब्लूटूथ लावा, किंवा फोन चार्ज करा चहाच्या टपरीवर.