कॅज्युअल्टीतल्या सिस्टरवर ओरडून क्रांती होत नाही



सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या रात्री मिरवणुकीतल्या ट्रॉलीवरून वस्तीतला एक पोरगा पडला, डोकं फुटलं. त्याला रिक्षात घातलं आणि मागे आम्ही दहा-बारा जण गाड्यांवर सरकारी रुग्णालयात पोचलो. कॅज्युअल्टीत एक सिस्टर, एक शिकाऊ डॉक्टर आणि सतरा-अठरा पेशंट. पाच मिनिटं कुणी फिरकलं नाही म्हणून आम्ही आवाज चढवला. एकाने मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला. दुसऱ्याने विचारलं, "आम्ही कोण आहोत माहीत आहे का?"

तो दुसरा मी होतो.

सिस्टर मान वर न करता म्हणाली, "दादा, कोण आहात ते नंतर सांगा. आधी ही बाटली वर धरा, स्टँड नाहीये."

मी अर्धा तास सलाईनची बाटली धरून उभा राहिलो. समोरच्या खाटेवर साप चावलेली बाई होती. तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठतंय का ते बघायचं. शेजारी विष प्यायलेला तरुण. त्याला इंजेक्शन देऊन दर काही मिनिटांनी नाडी आणि बुबुळं तपासायची. पलीकडे अपघाताची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं, रजिस्टर भरायचं, अंगावरच्या वस्तूंची नोंद करायची. वॉर्डबॉय दुसऱ्या पेशंटला घेऊन एक्स-रेला गेलेला, त्यामुळे ऑक्सिजनचा सिलिंडरही तिनेच ओढत आणला.

मग कळलं, आमच्या पोराला का थांबवलं. तो रडत होता, बोलत होता, म्हणजे शुद्धीवर होता. तिने येता-जाता त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितलंही होतं. आमचंच लक्ष नव्हतं. कॅज्युअल्टीत नंबर आल्याच्या क्रमाने लागत नाही, जीव कुणाचा आधी जाईल त्या क्रमाने लागतो.

आमचा राग खरा होता. पत्ता चुकला होता.

राग कुणावर असायला हवा, ते बघू. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार. एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात, 'खाट नाही' हेच उत्तर. शेवटी खाजगीत पैसे भरून उपचार घ्यावे लागले. शेतमजुरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९६ मध्ये निकाल लागला: तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. म्हणजे कॅज्युअल्टी ही सरकारची मेहेरबानी नाही, तो आपला हक्क आहे. हा हक्क रात्री तीन वाजता प्रत्यक्षात जिच्या हातून मिळतो, ती सिस्टर आहे. तिचे हात कमी केले की आपला हक्क कमी होतो.

हात कसे कमी होतात? शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. तुमच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात जाऊन मोजा. पदं रिकामी ठेवायची, मग 'माणसं मिळत नाहीत' म्हणायचं आणि ठेकेदार आणायचा. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या. जुलै २०२५ मध्ये कंत्राटी भरती बंद करा म्हणत पुन्हा गेल्या. मित्रांनो, तेव्हा आपण कुठे होतो? आपल्यातल्या किती जणांनी पेशंटचे हाल दाखवणारी बातमी फॉरवर्ड केली?

कंत्राट हा फक्त पगाराचा प्रश्न नाही. ठेकेदाराकडे बिंदुनामावली नसते. जिथे कायम पद जातं तिथे आरक्षण जातं, त्यासाठी संविधानात दुरुस्तीही करावी लागत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत सरकारी कामाला माणसं पुरवण्याचा शासन निर्णय आला, तेव्हा स्पर्धा परीक्षा देणारी पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. हाच डाव रुग्णालयात टप्प्याटप्प्याने चालू असताना आपण गप्प का? वस्तीतल्या किती पोरी कर्ज काढून जीएनएम करतात, हे आपल्याला माहीत आहे. अगदी ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये पगार द्यावा, अशी शिफारस केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये केली. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये राबणाऱ्या आपल्या बहिणीला विचारा, तिच्या हातात किती पडतात.

आणि काही विपरीत घडलं की बळी कुणाचा जातो? जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. वरच्यांपैकी काही निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची नोकरी संपली आणि गुन्हाही परिचारिकांवर दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. आधी अटक झाली ती एका डॉक्टर बाईला आणि तीन परिचारिकांना. दोषी असेल त्याला सोडा, असं मी म्हणत नाही. पण आग विझवण्याची यंत्रणा बसवणं परिचारिकेच्या ड्युटीत कधीपासून आलं? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडला २४ तासांत २४ मृत्यू झाले. खासदार आले आणि त्यांनी आदिवासी अधिष्ठात्याच्या हातात संडास साफ करायला झाडू दिला. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवावा लागला. औषधं आणि माणसं का नाहीत, हा प्रश्न त्या झाडूखाली गेला.

रुग्णालयातली हाक ऐका. डॉक्टर 'सर', नर्स 'सिस्टर', वॉर्डबॉय 'मामा', आया 'मावशी'. शिडी उतरत जाते तसा पगार कमी होतो आणि नात्याचा गोडवा वाढतो. रक्त, लघवी, पू यांना हात लावणारा माणूस जितका खाली, तितकी त्याची नोकरी कच्ची. सफाई करणाऱ्याला तर नावाने हाकही मारत नाहीत. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवलं. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाला तुडवायला कुणीतरी खाली मिळतं. डॉक्टर सिस्टरवर ओरडतो, सिस्टर मावशीवर, आणि आपण कार्यकर्ते बाहेरून येऊन सगळ्यांवर.

कुणी म्हणेल, सिस्टरही उद्धट बोलतात, आपल्या माणसाला गावठी समजून झिडकारतात. खरं आहे, मीही ऐकलं आहे. जातीवरून बोललं तर लेखी तक्रार करा, ॲट्रॉसिटी लावा, मागे हटू नका. पण रात्री ८ ते सकाळी ८ उभ्या असलेल्या बाईचा तुटक शब्द आणि जातीय अपमान यातला फरक आपल्याला कळला पाहिजे. कारखान्यातल्या कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणणारं विधेयक मजूरमंत्री बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मांडलं. त्यांच्या अनुयायांनी कामगाराच्या थकव्याला उद्धटपणा म्हणू नये.

हात उचलण्याबद्दलही बोलू. रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे: अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. आत जाईल तो वस्तीतला पोरगा. पदं रिकामी ठेवणाऱ्यासाठी त्या कायद्यात एकही कलम नाही.

मग करायचं काय? माहिती अधिकाराचा अर्ज टाका: परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, कॅज्युअल्टीत प्रत्येक पाळीला किती जणी, बिंदुनामावली अद्ययावत आहे का. उत्तर घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढा, त्यात सिस्टर, मामा, मावशी आणि सफाई कामगार सगळ्यांना बोलवा. परिचारिका संपावर गेल्या की मंडपात जाऊन बसा. पेशंटसोबत दोघांनीच आत जा, बाकीच्यांनी बाहेर थांबून रक्तदात्यांची यादी करा.

सावित्रीमाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं होतं. १० मार्चला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. येत्या १० मार्चला हार घालून झाला की अर्जाची पोच घेऊनच घरी या.

जय भीम, जय सावित्री!