नोटीस एआय लिहील, पण साक्षीदार कोण उभा करणार?

वसई : वालीव, सातिवली, गोखिवरे पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये कामगाराला ‘उद्यापासून येऊ नको’ असं तोंडीच सांगितलं जातं. पूर्वी असा माणूस आधी युनियनवाला नाहीतर वकील शोधायचा. आता हातातल्या मोबाईलवरचं एआय दोन मिनिटांत मराठीत नोटीस लिहून देतं. मग कामगार वकिलांचं काय होणार?

काही कामं जाणार हे उघड आहे. नोटीस, अर्ज, तारखांची यादी, ग्रॅच्युइटीचा हिशेब ही कामं मशीनला सोपी. शेवटचा पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं, एवढंच गणित. पण याच कामांवर ज्युनिअर वकील शिकतात आणि चार पैसे कमावतात. पहिला फटका त्यांनाच बसेल.

मात्र इथे एक मोठा धोका आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुने कामगार कायदे जाऊन 4 संहिता लागू झाल्या. कामावरून काढल्यावर दाद मागायला आधी 3 वर्षं होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत 2 वर्षंच आहेत. एआयने जुन्या कायद्यावरून उत्तर दिलं आणि कामगार निवांत बसला, तर केस दारातच अडकेल.

एआय नसलेले निकालही ठोकून देतं. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला. त्यात अस्तित्वातच नसलेल्या निकालांचे दाखले होते. सरकारी खातं जिथे फसलं, तिथे दहावी शिकलेल्या कामगाराचा काय टिकाव लागणार?

एका ठिकाणी मात्र मोबाईल कामाला येईल. समेट अधिकाऱ्यापुढे वकिलाला उभं राहता येत नाही. जुन्या कायद्यात ती अट होती, नव्या संहितेतही आहे. तिथे कामगाराने आपलं म्हणणं आधी नीट लिहून नेलं तर फायदाच.

पण खरी लढाई पुराव्याची. ‘हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे’ असं मालक म्हणाला, की नोटीस कितीही सुंदर असो, उपयोग शून्य. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला साक्षीला तयार करणं, मालकाची उलटतपासणी घेणं, कुठे तडजोड करायची ते ओळखणं, हे माणसाचंच काम. जो वकील फक्त टायपिंगचे पैसे घेत होता त्याचा धंदा बसेल. जो कामगाराच्या चाळीत जाऊन साक्षीदार शोधतो त्याचा नाही.

कामगारांनी नियुक्तीपत्र, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, पीएफचं पासबुक, हजेरीचे फोटो जपून ठेवावेत. एआयचा कागद दाखल करण्याआधी वकिलाला दाखवावा. फी परवडत नसेल तर औद्योगिक कामगाराला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावं किंवा 15100 वर फोन करावा. 2 वर्षं बघता बघता निघून जातात.