सत्त्याण्णव साल आणि सात अल्बम

डिसेंबर लागला की नियतकालिकांना याद्यांचा ताप चढतो. वर्षातली दहा पुस्तके, दहा चित्रपट, दहा माणसे. पाश्चात्त्य संगीताच्या मासिकांत तर हा ताप डोक्यात जातो. तिथे पन्नास-पन्नास अल्बमना क्रमांक दिले जातात, आणि एकोणतिसावा तिसाव्यापेक्षा नेमका कशाने सरस, हे कोणी विचारत नाही. या खोडीतून मीही सुटलेलो नाही. फक्त माझी यादी एकाच वर्षाची आहे, १९९७ची, आणि पंचवीसहून अधिक वर्षे मी तिच्यातली नावे खोडत आलो आहे. वर्ष संपताना केलेल्या यादीत उत्साह फार असतो. पाव शतकानंतर जे अल्बम अजूनही घरात लागतात, तेवढेच इथे घेतले आहेत. ते सात भरले.

यातले बहुतेक अल्बम 'अल्टरनेटिव्ह रॉक' या नावाच्या खणात ठेवलेले सापडतील. रॉक म्हटले की आपल्या घरांतून दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, 'आधी तो आवाज बारीक कर.' दुसरी, 'यात गाणं कुठे आहे?' दोन्ही अगदीच निराधार नाहीत, म्हणून त्या नावाविषयी थोडे सांगायला हवे. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांवर आणि छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या तबकड्यांवर जे वाजत होते आणि मोठ्या केंद्रांवर वाजत नव्हते, ते पर्यायी. सप्टेंबर १९९१मध्ये निर्वाना या त्रिकुटाचा 'नेव्हरमाइंड' आला. जानेवारी १९९२मध्ये त्याने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकेच्या यादीतल्या पहिल्या जागेवरून खाली खेचले, आणि पायवाटेचा हमरस्ता झाला. ग्रॅमीवाल्यांनी तर १९९१पासूनच या प्रकाराला वेगळे पारितोषिक देऊन ठेवले होते. घोड्यावर बसवून मिरवणूक काढल्यावर बंडखोराने पुढे करायचे काय, हा प्रश्न त्या पिढीला पडला. निर्वानाच्या कर्ट कोबेनने एप्रिल १९९४मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, आत्महत्या केली. मागे उरल्या त्याच्या आवाजाच्या नकला.

इंग्लंडमध्ये तोवर 'ब्रिटपॉप'चा जल्लोष चालू होता. त्याचा कळस म्हणजे ओॲसिसचा 'बी हिअर नाऊ'. ऑगस्ट १९९७मध्ये तो दुकानांत आला आणि पहिल्याच दिवशी ब्रिटनमध्ये चार लाखांवर प्रती खपल्या. गिटारींवर गिटारींचे थर, सहा-सहा, सात-सात मिनिटांची गाणी. वरातीतल्या बँडला नवरीचे घर सापडू नये आणि थांबा म्हणायलाही कोणी नसावे, तसा प्रकार. तो माझ्या यादीत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या काही लोकांनी या गजबजाटाकडे पाठ फिरवली. हे साल मला मोलाचे वाटते ते त्यांच्यामुळे.

रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' जूनमध्ये आला. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधल्या एका शाळेतले हे पाच मित्र. बाथ शहराजवळ अभिनेत्री जेन सीमूर हिचा तेव्हा जुना वाडा होता, तो भाड्याने घेऊन त्यांनी यातले बरेचसे ध्वनिमुद्रण केले. दगडी जिन्यात उभे राहून टॉम यॉर्कने एक गाणे गायले. त्या आवाजाला जी गुहेतली घुमार आहे ती यंत्राने दिलेली नाही, जिन्याने दिली आहे. यंत्रांनी वेढलेल्या माणसाची घुसमट हा ज्या अल्बमचा विषय, त्यातली सर्वांत हृद्य गोष्ट दगडाने करावी, यात गंमत आहे. उलट एका जागी मॅकिंटॉश संगणकाच्या कोरड्या आवाजात सुखी, निरोगी, कार्यक्षम जीवनाच्या सूचनांची यादीच वाचली जाते. तेव्हा आपल्याकडे घरात संगणक असणे ही पाहुण्यांना दाखवायची गोष्ट होती, त्यामुळे हे मला लांबचे वाटले होते. आज पावले मोजणारे घड्याळ हातावर बांधून मी ते ऐकतो. अल्बम काही भविष्यवाणी वगैरे नव्हे. विमानतळ, महामार्ग, अपघात, झोप न लागणे, इतकाच त्याचा ऐवज. पण तो सलग ऐकावा लागतो. मधलेच एक गाणे उचलले तर बैठकीत द्रुत सुरू झाल्यावर येऊन बसल्यासारखे होते. अमेरिकेतल्या त्यांच्या कंपनीने हा ऐकून विक्रीचा अंदाज खाली आणला होता म्हणतात. पुढे १९९८मध्ये ग्रॅमीचे ते पर्यायी पारितोषिक यालाच मिळाले.

'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या लंडनच्या साप्ताहिकाने मात्र त्या वर्षीचा पहिला मान स्पिरिच्युअलाइज्डच्या 'लेडीज अँड जेंटलमेन वी आर फ्लोटिंग इन स्पेस'ला दिला. त्याची सीडी औषधाच्या गोळीसारखी, पत्र्यातून दाबून काढायची. आत प्रेमभंग, गॉस्पेलचे समूहगान आणि शेवटी सतरा मिनिटांचा धुमाकूळ. मला तो पावसाळ्यातच चालतो. द व्हर्व्हचा 'अर्बन हिम्स' त्याहून लोकप्रिय, पण त्याच्या पहिल्या गाण्याची कथा गाण्याहून मोठी झाली. रोलिंग स्टोन्सच्या एका जुन्या गाण्याच्या वाद्यवृंदी आवृत्तीतला तुकडा त्यात वापरला होता. त्यावरून वाद झाला आणि गाण्याचे श्रेय व स्वामित्वधन जॅगर-रिचर्ड्स यांच्या नावे गेले. ते रिचर्ड ॲशक्रॉफ्टला परत मिळाले २०१९मध्ये. बावीस वर्षे! आपल्याकडे मिळाले असते का, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

अमेरिकेतल्या दोन अल्बमांविषयी थोडक्यात. वॉशिंग्टन राज्यातल्या स्लीटर-किनी या तिघींचा 'डिग मी आऊट': दोन गिटारी, एक ड्रम, बेस गिटार नाहीच, आणि रागावलेल्या बाईने आवाज चढवला तर त्याची माफी मागायची नसते हे पहिल्या मिनिटात कळते. आणि न्यू जर्सीतल्या यो ला टेंगोचा 'आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन'. यातली गिटार नवऱ्याची, ड्रम बायकोचे. अल्बमभर दोघे एकमेकांना सावकाश बोलू देतात. रविवारी दुपारी जेवणानंतर लावण्याजोगा रॉक असू शकतो यावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांनी सुरुवात इथून करावी.

एलियट स्मिथचा 'आयदर/ऑर' फेब्रुवारीत निघाला. किर्केगार्डच्या १८४३च्या ग्रंथाचे नाव घेतलेला हा अल्बम चाळीस मिनिटांच्या आत संपतो. बहुतेक वाद्ये स्मिथने स्वतः वाजवली आहेत. स्वतःचा आवाज दोनदा मुद्रित करून तो एकावर एक ठेवायचा, त्यामुळे माणूस स्वतःशीच कुजबुजतो आहे असे वाटते. भावगीतांवर वाढलेल्या कानाला हा अनोळखी वाटणार नाही. आवाज चढत नाही, शब्द पुसले जात नाहीत, आणि दुःखाचे प्रदर्शन नाही. यातली काही गाणी 'गुड विल हंटिंग' या चित्रपटात आली. त्याच चित्रपटासाठी लिहिलेल्या नव्या गाण्यामुळे मार्च १९९८मध्ये हा लाजाळू माणूस पांढरा सूट घालून ऑस्करच्या रंगमंचावर उभा राहिला. बाहुली अर्थातच 'टायटॅनिक'च्या गाण्याला गेली. २००३मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो गेला. त्याचा मृत्यू डोळ्यांसमोर ठेवून ही गाणी ऐकणारे पुष्कळ आहेत. मला ते गाण्यांवर अन्याय करणारे वाटते. शेवटचे गाणे तर चक्क आशेचे आहे.

आशेवरून आशाबाईंकडे येतो. कॉर्नरशॉप या बँडचा 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम' सप्टेंबर १९९७मध्ये आला आणि अमेरिकेतल्या 'स्पिन' मासिकाने त्याला वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवले. बँडचे नाव म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान. ब्रिटनमध्ये असे दुकान चालवणारा म्हणजे आशियाई, हा तिथला ठरून गेलेला समज. तोच कपाळावर लावून हे लोक उभे राहिले. गायक-गीतकार त्जिंदर सिंग वुल्व्हरहॅम्प्टनचा. याच गावचा खासदार इनॉक पॉवेल. त्याने १९६८मध्ये स्थलांतरितांमुळे रक्ताच्या नद्या वाहतील अशा अर्थाचे कुप्रसिद्ध भाषण केले होते. अशा गावात वाढलेल्या शीख मुलाने गिटार हातात घेतली तर काय गाईल? त्वेषाची गाणी त्याने आधी गायली होतीच. या अल्बमच्या दुसऱ्या गाण्यात तो आशा भोसले यांचे नाव घेतो.

'ब्रिमफुल ऑफ आशा' हे पार्श्वगायनाला वाहिलेले गाणे आहे. लताबाई, रफी, आकाशवाणी, टू-इन-वन, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या छोट्या तबकड्या, असे सगळे त्यात येते. जाता जाता सरकार बांधत असलेल्या धरणांचाही उल्लेख होतो. माझ्या आतेभावाने लंडनहून ती सीडी पाठवली, तेव्हा आई स्वयंपाकघरातून विचारत आली, 'हा आशाबाईंचं नाव का घेतोय रे? त्यांनी गायलंय का यात?' नाही म्हटल्यावर ती म्हणाली, 'मग नुसतंच नाव?' मला वाटते, गाण्याचे मर्म त्या प्रश्नात आहे. पार्श्वगायिकेचा आवाज घराघरांत, चेहरा पडद्यावर दुसरीचा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे उलटे. त्याचा चेहरा गल्ली रोज पाहते, आवाज कोणी ऐकत नाही. त्या मुलाने सांगलीत जन्मलेल्या एका आवाजाचे नाव इंग्रजी गाण्यात मोठ्याने घेतले, तेव्हा दोघांची भेट झाली. नुसतेच नाव, पण ते उच्चारायला तिथे कोणीतरी हवे होते.

मूळ गाणे संथ आहे, दोनच सुरांत डुलणारे. १९९७मध्ये ते ब्रिटनच्या यादीत साठाव्या जागेपलीकडे गेले नाही. मग फॅटबॉय स्लिम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नॉर्मन कुकने त्याची गती वाढवली, ठेका घातला आणि फेब्रुवारी १९९८मध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. माझ्या ओळखीच्या घरांत आशाबाई विलायतेत गाजल्या याचा आनंद झाला तो या दुसऱ्या अवताराने. अल्बम मात्र त्यातल्या कोणी मागितला नाही. आनंद खोटा नव्हता. फक्त गाणे धावायला लागल्यावर त्यातली धरणे आणि टू-इन-वन कोणाला ऐकू येईनात. सिंगने ज्या लयीत ते लिहिले होते, त्या लयीतच ते एकदा ऐकावे, एवढे माझे मागणे आहे.

अल्बममध्ये ढोलकी आहे, सतार आहे, हार्मोनियम आहे, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये निधन पावलेल्या ॲलन गिन्सबर्गचा कवितावाचनाचा आवाजही आहे. यातली सतार दिव्याशेजारच्या उदबत्तीसारखी वातावरणनिर्मितीला ठेवलेली नाही; घरातल्या भांड्यासारखी वापरली आहे. हा फरक समजायला शेवटचे गाणे ऐकावे. १९६५मध्ये जॉर्ज हॅरिसनने बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार वाजवली आणि पाश्चात्त्य रॉकला आपल्या वाद्याचा नाद लागला. बत्तीस वर्षांनी त्जिंदर सिंगने तेच गाणे घेतले, सतार तशीच ठेवली आणि शब्द पंजाबीत गायले. कुठेही थट्टा नाही, हिशेब चुकता केल्याचा आव नाही. उसनी नेलेली वाटी परत करताना शेजारी तिच्यात काहीतरी घालून देतात, तसे. अल्बम तिथेच संपतो.