बोसांचे नरसाळे आणि आपली तक्रार

१/५ दरवर्षी ३० नोव्हेंबरला, जगदीशचंद्र बोसांच्या जयंतीदिनी, 'मार्कोनीने त्यांचा रेडिओ चोरला' हा संदेश फिरू लागतो. यात बोसांचा गौरव नाही. उलट त्यांचे खरे कार्य झाकले जाते.

२/५ मार्कोनीला अटलांटिकपार संदेश धाडायचा होता. १९०१ च्या त्या प्रयोगात त्याने शेकडो मीटर लांबीच्या लहरी वापरल्या. बोस मात्र कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ५ मिलिमीटरपर्यंत खाली उतरले होते. या लहरी प्रकाशासारख्याच वागतात, हे त्यांना मोजून सिद्ध करायचे होते.

३/५ लहरी गोळा करण्यास त्यांनी धातूचे नरसाळे योजले. तोच आजचा हॉर्न अँटेना. रेल्वे वेळापत्रकाच्या पानांत कथिलाचा वर्ख घालून त्यांनी ध्रुवीकरण तपासले. ग्राहक यंत्र फिरत्या दांड्यावर बसवून कोन मोजले. अँटेनाची परीक्षा आजही याच रीतीने होते: फिरवा, मोजा, नोंदवा.

४/५ पुढे बोस वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले आणि हा धागा तुटला. १९३० च्या दशकात अमेरिकेत हॉर्न अँटेना नव्याने शोधावा लागला. या खंडाचा जाब मार्कोनीला कसा विचारणार?

५/५ तेव्हा चोराचा शोध पुरे. आपल्या किती महाविद्यालयांत विद्यार्थी स्वतः पत्रा कापून हॉर्न घडवतो आणि तो कोणत्या दिशेला किती ऊर्जा फेकतो हे स्वतः मोजतो, एवढेच येत्या ३० नोव्हेंबरला विचारा.