झडती घ्या, पण कागद दाखवून

सकाळी सकाळी बेल वाजते, दारात पोलीस, आणि वॉरंट वाचायचे भान कुणालाच राहत नाही. बंगळुरूत काय नि बेळगावात काय, चित्र तेच. वास्तविक त्या कागदावर न्यायालयाचा शिक्का आणि सही हवीच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार त्या परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित पंच हवेत, जप्त वस्तूंची यादी हवी, तिची प्रत घरच्यांना मिळायला हवी. कलम 105 ने चित्रीकरणही बंधनकारक केले. पोलिसांचे नेहमीचे ‘ठरलेले’ पंच आता निदान कॅमेऱ्यात दिसतील!

खरी गोम कलम 185 मध्ये आहे. उशीर परवडणार नसेल तर वॉरंटविना झडती घेता येते; मात्र कारणे आधी लिहून त्यांची प्रत 48 तासांत दंडाधिकाऱ्यांकडे धाडावी लागते. घरमालकाने अर्ज केल्यास ती त्यालाही फुकट मिळते. हे किती जणांना ठाऊक आहे?

खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा 2017 चा निकाल ज्यांच्या याचिकेवर लागला, ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी बंगळुरूचेच. तरीही झडती बेकायदा होती एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही, ही सर्वोच्च न्यायालयाची 1973 ची भूमिका पोलिसांच्या पथ्यावर पडते. नियम मोडून काही बिघडत नसेल, तर ते पाळायचे कुणी? या भूमिकेचा फेरविचार व्हायला हवा.