क्रीडाविचार : लिंबूटिंबूचा जय

घरांतील मुलें अंगणांत खेळूं लागलीं, म्हणजे एखादें धाकटें भावंड ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळांत घेतलें जातें. तें बाद झालें तरी बाद नव्हे, आणि त्यानें मिळविलेला जयहि जय नव्हे. वडील भावंडांची दया खरी. पण त्या बालजीवास तींत मान नसतो. दुबळ्यास खेळांत घ्यावें आणि त्याच्या जयापजयास मोलहि असावें, हें कसें साधावें? अमेरिकेंतील ‘पूल’ खेळणाऱ्या हौशी मंडळ्यांनीं या प्रश्नाचा पुष्कळ खोल विचार केला आहे.

पूल हा बिलियर्डच्या कुळांतला, सहा खिशांच्या मेजावरचा खेळ. १९७९ सालीं टेरी बेल व लॅरी हब्बार्ट या दोघां धंदेवाईक खेळाडूंनीं जी संस्था काढली, ती आज अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन या नांवानें चालते. तिच्या ‘एट-बॉल’ प्रकारांत प्रत्येकास २ पासून ७ पर्यंत एक कौशल्यांक मिळतो. ७ अंकाचा वाकबगार गडी २ अंकाच्या नवशिक्यापुढें उभा राहिला, तर त्यास सात डाव जिंकावे लागतात. नवशिक्यास दोनच पुरतात. ‘नाइन-बॉल’मध्यें १ अंकवाल्यास १४ गुण, तर ९ अंकवाल्यास ७५ गुण करावे लागतात.

पण जेथें दुर्बळतेस सवलत, तेथें दुर्बळतेचें सोंग आलेंच. अंक वाढूं नये म्हणून मुद्दाम नेम चुकविणारे महाभाग तिकडेहि आहेत. म्हणून गुणलेखकास केवळ हारजीत टिपून भागत नाहीं. किती पाळ्या लागल्या हें तो मोजतो, आणि चेंडू खिशांत घालण्याचा हेतूच नसलेला, केवळ प्रतिस्पर्ध्याची अडवणूक करणारा फटका निराळा नोंदतो. हेतूची नोंद करावयाची म्हणजे त्यानें न्यायाधीशच व्हावयाचें. आणि हे गुणलेखक त्या त्या संघांचे गडीच असतात!

बीसीए पूल लीगमध्यें ‘फार्गोरेट’ नांवाची पद्धति आहे. ती पाळ्या मोजीत नाहीं. कोणीं कोणास किती डावांत हरविलें, एवढेंच पाहते. दोघांच्या अंकांत १०० चें अंतर असलें, तर दुसऱ्याच्या एका डावास वरचढ गड्यानें सरासरीनें दोन जिंकावे, असें तिचें गणित. अंक उतरवावयाचा तर तेथें खरोखर हरावेंच लागतें. आम्हांस ही रीति अधिक सरळ वाटते. या लीगमध्यें चेंडू व खिसा आधींच योजलेला लागतो. पहिल्या संस्थेंत दैवयोगानें गेलेला आपला चेंडूहि चालतो, मात्र शेवटच्या आठ क्रमांकाच्या चेंडूचा खिसा दाखवावाच लागतो.

पहिल्या संस्थेचा सर्वांत कठोर नियम तेविसाचा. सामन्यांत उतरणाऱ्या पांच गड्यांच्या अंकांची बेरीज २३ च्या वर जातां कामा नये. मित्रमंडळी वर्षानुवर्षें एकत्र खेळून तरबेज झाली, कीं त्याच गुणामुळें तिला फुटावें लागतें. भरल्या घरांतून बिऱ्हाडें निराळीं होतांना जें वाटतें, तेंच तेथेंहि वाटत असेल. परंतु बेरीज जमविण्यासाठीं संघास कच्चा गडी लागतो. २ अंकाच्या नवशिक्यास तेथें कोणी उपकार म्हणून घेत नाहीं, त्यास शोधीत फिरतात.