नाकारलेल्या यकृताची दुसरी परीक्षा

दात्याचे यकृत मिळाले म्हणजे ते रुग्णाच्या कामी आलेच, असे होत नाही. त्यात मेद फार साठला असेल, दाता वयोवृद्ध असेल, अथवा हृदय थांबल्यावर अवयव काढण्यास विलंब झाला असेल, तर शल्यविशारद ते नाकारतो. त्याला दोष देता येत नाही. मूत्रपिंडाला डायलिसिसचा दीर्घकाळ आधार मिळतो, तसा यकृताला मिळत नाही. बसविलेले यकृत चाललेच नाही, तर हाती थोडेच दिवस उरतात.

अडचण अशी की, हा निर्णय बऱ्याच अंशी अंदाजाने घ्यावा लागे. विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर व साउथर्ड यांनी १९८० च्या दशकात सिद्ध केलेल्या द्रावणाने यकृत धुऊन बर्फात ठेवण्याची रीत जगभर रूढ झाली. थंडीमुळे ते काही तास टिकते खरे. पण निद्रिस्त यकृत आपली प्रकृती सांगत नाही. धान्याचा व्यापारी निदान पोत्यातून मूठभर नमुना काढून पारखतो. येथे तीही सोय नव्हती.

ऑक्सफर्डचे पीटर फ्रेंड व कॉन्स्टंटिन कूसिओस यांनी नेमका उलटा मार्ग धरला. त्यांच्या यंत्रात यकृत ३७ अंश सेल्सिअसला, प्राणवायुयुक्त रक्त खेळते ठेवून जागते राखले जाते. तेथे ते पित्त स्रवते, रक्तातील लॅक्टेट कमी करते. म्हणजे रुग्णाच्या शरीरात जाण्यापूर्वीच काम करून दाखविते. २०१३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात असे पहिले यकृत बसविण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२० प्रत्यारोपणांच्या चाचणीत वाया जाणारी यकृते निम्म्याने घटली.

बर्मिंगहॅमची चाचणी याहून धाडसाची होती. ब्रिटनमधील सर्व केंद्रांनी नाकारलेली ३१ यकृते यंत्रावर चढविली गेली. त्यांतील २२ कसोटीस उतरली व बसविली गेली. नव्वद दिवसांनंतर बावीसही रुग्ण जिवंत होते. पुढे चौघांच्या पित्तनलिका अरुंद झाल्याने त्यांना पुन्हा प्रत्यारोपण करावे लागले, हेही येथे नोंदविले पाहिजे. यंत्र पारख करते, हमी देत नाही.

भारतात प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली, तरी येथील बहुतेक यकृते जिवंत आप्तांनी दिलेल्या अंशातूनच येतात. यंत्राने वाचवावे असे यकृत आधी मिळाले तर पाहिजे. दानाचा अर्ज भरलेला असला, तरी अतिदक्षता विभागाबाहेर नातलगांची संमती विचारली जातेच. आणि हा विषय घरात पूर्वी कधी निघाला होता की नाही, यावर त्यांचे उत्तर पुष्कळदा अवलंबून असते.